गुडघ्याखालची उशी

मी गुडघ्याखालची उशी बोलतेय. डोक्याखालच्या उशांचे लाड होतात; माझ्या वाट्याला कायम हाडं आली.

आईने मला जुन्या कोटाच्या कापडातून शिवलं, आत गच्च कापूस कोंबला. रोज सकाळी मला पलंगापाशी टाकून ती गुडघे टेकायची आणि प्रभूपुढे लेकीसाठी गाऱ्हाणं घालायची. लहानगी लेकही शेजारी बसायची, एक डोळा किलकिला ठेवून.

पुढे आईचं एक अंग लुळं पडलं. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तोवर लेक इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला लागली होती. दिवसभर तिथल्या चादरींना इस्त्री, घरी आलं की आईच्या चादरी. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची. टाचांना जखमा होऊ नयेत म्हणून मला त्यांच्याखाली सरकवलं. माझी बढतीच म्हणा! गुडघे मात्र कोणी टेकेना.

"हल्ली चर्चला दिसत नाहीस?" शेजारणीने एकदा विचारलं.

"तीन वर्षं हाका मारल्या, मावशी. माझा घसा बसला, त्याला काही ऐकू गेलं नाही."

आईने ते ऐकलं. आपल्या दुखण्याचं तिला काही नव्हतं. लेकीचा विश्वास उडाला, याचाच तिला घोर लागला.

एका रविवारी भर दुपारी लेक आईच्या पायाची नखं कापायला बसली. फरशी टोचते म्हणून मला खाली घेऊन माझ्यावर गुडघे टेकले, दुसरं काही मनात नव्हतं. नखं झाली, तिने पलंगाच्या कडेवर कपाळ टेकलं, आणि तशीच झोपली. बिचारी पार पिचून गेली होती.

आईला वाटलं, पोर प्रार्थना करतेय. चांगला हात ओढत ओढत तिने लेकीच्या केसांवर नेला. किती वेळ तो तिथेच होता. लेक हलली तशी आई म्हणाली, "आमेन." गाल ओले झाले होते तिचे.

खोटं बोलली असती तर चाललं असतं. पण पोर सरळ. "प्रार्थना नव्हते करत गं आई. डोळा लागला."

झालं, म्हातारीच्या आनंदावर पाणी पडलं, असं मला वाटलं. आई शब्द गोळा करत राहिली. "त्याच्या... पायाशीच... झोपलीस. तो... जागा होता."

लेक हमसून हमसून रडली. मग म्हणाली, "प्रभू, मी दमलेय रे." हाका थांबवल्यापासून पहिल्यांदाच.

आईचं अंग काही हललं नाही. चादरीही तेवढ्याच राहिल्या. पण संध्याकाळी कूस बदलताना लेक त्याच्याशी बोलत होती. भांडतच होती म्हणा, पण बोलत होती.

आता आई नाही. माझा कापूस गोळा झालाय, शिवण उसवलीय. लेक रोज गुडघे टेकते. शब्द संपले की नुसतीच थांबते. तुमच्या घरात कोणी असं थांबलेलं दिसलं, तर हाक मारू नका. त्या जिवाला जरा टेकू द्या.