परक्या नावाची लाट

मला भुताखेतांचा राग येतो. अकरा वर्षं माणसांच्या मेंदूतल्या लहरी मोजतेय. लहर आली तर आली, नाही तर नाही, मधे कुणी झोटिंग बसलेला नसतो. मांडव्याच्या बोटीतून मशीनची पेटी वागवत अलिबागच्या त्या दवाखान्यात पोचले, तेव्हा उन्हाने डोकं तापलेलंच होतं. ठमीने दारातच माझा हात धरला.

"ताई, आय आत हाय का न्हाय, येवढंच सांगा."

तिची आई आवडाबाई मिठागरात पडली, डोक्याला मार लागला. तीन महिने डोळे उघडे, पण ओळख नाही. माझ्या कागदावर 'प्रतिसाद नाही' आलं, की ठमीचा भाऊ नाकातली अन्नाची नळी काढून आईला घरी नेणार होता. मरायला, दुसरं काय.

परीक्षा साधी असते. डोक्याला तारांची टोपी, कानात इअरफोन. दहा नावं उलटसुलट क्रमाने, शेकडो वेळा वाजवायची. नऊ परकी, एक तिचं. माणूस आत असेल तर स्वतःच्या नावाला मेंदू दचकतो आणि लहर उठते. नावं ठमीच्याच आवाजात भरली. परकी नऊ मी सुचवली, मनाला येतील तशी.

'आवडा' या नावाला काहीच नाही. ठमीकडे बघवेना. पण एका परक्या नावाला चांगली ठसठशीत लहर उठली होती. शकू.

"शकूला कशी लहर? वायर हलली असेल," मी चिडून म्हटलं आणि टोपी पुन्हा बसवली. पुन्हा तेच.

आवडाबाईची थोरली बहीण मनुबाई डबा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. "शकू कोनी सांगितलं तुमाला? तिचं माहेरचं नाव हाय ते. लग्नात बदललं. पन्नास वर्सांत कोनी घेतलं न्हाय."

ठमीलासुद्धा हे ठाऊक नव्हतं. मला तर कुठून असणार? योगायोग, मी स्वतःला बजावलं.

"मी तिला आये म्हनते," ठमी म्हणाली. "ते वाजवा ना."

वाजवलं. शंभर वेळा. रेघ हललीसुद्धा नाही.

राहिली मुकी फेरी. आवाज बंद ठेवायचा, कुठल्या नावाची पाळी कधी ते फक्त लॅपटॉपला ठाऊक. लहर खरंच आवाजामुळे येते ना, हे तपासायची ही आमची रीत. इअरफोन मी माझ्या मुठीत धरून बसले. निकाल आला. नऊ नावांना काही नाही. शकूच्या पाळीला लहर, आधीपेक्षा मोठी.

खोटं कशाला बोलू, मी भ्याले.

"आवाज बंद हाय ना?" ठमीने विचारलं.

"हो."

"मंग कोन हाक मारतंय तिला?"

मनुबाई हळूच म्हणाली, "आमची आये असंल. जित्ती व्हती तवा तीच मारायची, शकू म्हनून."

मी कागदावर 'प्रतिसाद आहे' लिहिलं, सही केली. आता नळीला कुणी हात लावणार नव्हतं. ठमीला हेच हवं होतं, पण ती कागदाकडे बघेचना. आईच्या उघड्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन तिने बराच वेळ वाट पाहिली.

"आत हाय ती, ताई," ती म्हणाली. "पन माहेरची शकू हाय. मी अजून झालेच न्हाय तिला."