पाणी उतरलेली कॉफीची चक्की

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर हा मोडका कंदील आहे की मिठाचा डबा, अशा विचारात पडाल. मी एक जुनी कॉफीची चक्की आहे. खाली लाकडाची पेटी, वर पितळेची वाटी, बाजूला फिरवायचा दांडा आणि पोटात पोलादाचे दात. कॉफीचे भाजलेले दाणे वाटीत टाकायचे, दांडा फिरवायचा, की पेटीच्या खणात भुकटी पडायची. असं माझं काम होतं.

माझा जन्म वऱ्हाडातला नाही. दूर मद्रासकडे कोइमतूरच्या एका कारागिराने मला घडवलं. त्याने माझे दात लालबुंद तापवले आणि एकदम तेलात बुडवले. याला पोलादाला पाणी देणं म्हणतात. त्यामुळे माझ्या दातांना धार आली आणि कडकपणाही आला.

माझे मालक रंगराव वऱ्हाडातल्या उंद्री गावचे. घरी भाजीपाल्याची शेती होती, पण त्यांचं मन शेतात रमत नव्हतं. एका कापसाच्या व्यापाऱ्याबरोबर गाठी पोचवायला म्हणून ते कोइमतूरला गेले आणि दोन वर्षं तिकडेच राहिले. तिथे त्यांना कॉफीचं वेड लागलं. परत येताना त्यांनी मला आणि एक पितळी गाळणं उराशी धरून आणलं. खामगावात कापसाच्या बाजारासमोर एक खोली घेतली, दोन बाक टाकले आणि पाटी लावली, ‘येथे फक्त कॉफी मिळेल’.

लोक हसले. वऱ्हाडात तेव्हा चहासुद्धा नवा होता, कॉफी कोण पिणार? पहिला आला तो पुंजाजी. बाजारात कापूस तोलायचं काम करायचा. त्याने एक घोट घेतला आणि बाहेर जाऊन थुंकला.

“जळकी लागते बे रंगराव! भाकर करपली वाटते.”

तरी दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यांच्या आधी हजर. “कालची ते जळकी दे थोडीशी. रातभर जिभेवरून गेली नाई.”

मग मात्र गिऱ्हाईक वाढलं. कोणी डोकं दुखतं म्हणून येई, कोणी नुसत्या वासाने थबके. रंगरावांची बायको तानुबाई मागच्या अंगणात दाणे भाजायची. दाणे तडतडायला लागले की ती नाकानेच ओळखायची आणि कढई उतरवायची. दळायचीही तीच. माझा दांडा तिच्या हाताला इतका सवयीचा झाला होता की दळताना ती शेजारणीशी बोलायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. मित्रांनो, एखाद्या वस्तूला याहून अधिक सुख नसतं.

एका दुपारी एक उंच माणूस दारात येऊन उभा राहिला. अंगात पलटणीचा जुना कोट, हाताला यंत्राचं तेल. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्याने आधी डोळे मिटून वास घेतला. मग सरळ सांगितलं, “मी निवृत्ती. कापसाच्या जिनात फिटर हाय. जातीचा महार, संग्रामपूरकडला. भाईर उभा राहून पेतो. वरून ओता.”

रंगरावांनी रस्त्यावर एक नजर टाकली. “पलटणीत कसा पेत होता?”

“लढाईत बसऱ्याले होतो आमी. संग मद्रासी लोकं होते. तेच पाजत. सगळे एका जागी बसून पेत होतो.”

“मंग इथंबी बस,” रंगराव म्हणाले. “फक्त जातीचं कोणापाशी बोलू नको.”

निवृत्ती बाकाच्या टोकावर बसला. पेला दोन्ही हातांत धरून तो हळूहळू प्याला. कॉफी संपल्यावरही पेला त्याने बराच वेळ खाली ठेवला नाही. तानुबाई आतून बघत होती. ती म्हणाली, “आवडली का, निवृत्तीभाऊ?”

“वैनी, बसऱ्याहून आल्यापासून आज पयल्यांदा कॉफी पेलो.”

त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. रंगरावांनाही त्याच्याइतकं जवळचं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. बाकीच्यांना कॉफी गोड हवी, दाट हवी. हा मात्र विचारायचा, “आज दाणे जरा जास्त भाजले काय?” मग दोघं तासभर कोइमतूरच्या आणि बसऱ्याच्या गोष्टी काढून बसायचे. त्याची जात कोणी विचारली नाही. पलटणीचा कोट आणि जिनाची नोकरी पाहून लोक गप्प राहत.

एकदा दाण्यांतून खडा आला आणि माझ्या दातांत अडकला. दांडा हलेना. दुकान भरलेलं होतं. निवृत्तीने मला मांडीवर घेतलं, खोलून खडा काढला, दात पुसले आणि पुन्हा जुळवले. पुंजाजीने तर त्याची पाठ थोपटली. “वा रे फिटर! आमची कॉफी वाचवली तुनं.” सगळे हसले. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. आता ते हसणं आठवलं की नको वाटतं.

कापसाचा हंगाम आला. संग्रामपूरकडचे पाटील हिंमतराव गाड्या घेऊन बाजारात आले होते. त्यांचा कापूस चांगल्या भावाने गेला आणि चार माणसं घेऊन ते कॉफी प्यायला आले. रंगराव लगबगीने पुढे झाले. हिंमतराव बाकावर टेकले आणि त्यांची नजर शेजारच्या माणसावर गेली.

“तू कडूबाचा निवृत्ती ना बे?”

निवृत्ती उभा राहिला. “हाव, पाटील.”

“महाराचा पोट्टा अन् माह्या मांडीले मांडी लावून बसून राह्यला?” हिंमतरावांनी पायातला जोडा काढला आणि त्याच्या तोंडावर मारला. पेला खाली पडून घरंगळत गेला. दुकानातली माणसं उठून बाहेर झाली. पुंजाजीही झाला.

हिंमतराव रंगरावांकडे वळले. “रंगराव, तुले माईत होतं का हे?”

मित्रांनो, निवृत्तीने तेव्हा रंगरावांकडे पाहिलं. ओठातून रक्त येत होतं, पण त्याने ते पुसलं नाही. तो वाट पाहत होता.

“मले काय माईत, पाटील?” रंगराव म्हणाले. “यानं सांगतलंच नाई.”

आत तानुबाईच्या हातात माझा दांडा होता. तो तिने घट्ट धरला. मला वाटलं, आता ती बोलेल. पण तीही बोलली नाही.

मग निवृत्तीच म्हणाला, “हाव. मी नाई सांगतलं.”

एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला. ज्याने त्याला खोटं पाडलं, त्यालाच त्याने जाता जाता वाचवलं होतं.

प्रकरण तेवढ्यावर थांबलं नाही. बाजारातली मंडळी म्हणाली, दुकान शुद्ध केल्याशिवाय आम्ही पायरी चढणार नाही. बाकांवर गोमूत्र शिंपडलं. पेले चिंचेने घासून विस्तवावर धरले. तेवढ्यात पुंजाजीला आठवलं. “चक्की त्यानं खोलली होती. आतमंधी हात घातला होता.”

“मंग तेबी आगीत घाला,” हिंमतराव म्हणाले.

तानुबाई आडवी आली. “नका हो. तिचं पाणी उतरंल. मंग ते कामाची राहनार नाई.”

रंगराव तिच्याकडे न बघता म्हणाले, “गिऱ्हाईक नाई राह्यलं तं चक्की काय चाटाची हाय?”

त्यांनी माझी पेटी वेगळी केली आणि माझे दात गोवऱ्यांच्या जाळात ठेवले. मी पुन्हा लालबुंद झाले. जन्माच्या वेळीही झाले होते, पण तेव्हा मला घडवत होते. या वेळी मला राखेतच सोडलं आणि मी हळूहळू निवत गेले. बाहेर काढलं तेव्हा मी शुद्ध होते. मात्र माझे दात मऊ पडले होते.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळे आले. तानुबाईने दळायला घेतलं. काही दाणे फुटेचनात, काहींचं पीठ झालं. ते पीठ गाळण्यातून खाली उतरलं आणि पेल्यात गाळ साचला. कॉफी कडू झाली. तानुबाईने दूध वाढवलं, साखर वाढवली. काही उपयोग झाला नाही.

पुंजाजीने अर्धा पेला तसाच ठेवला. “पयल्यासारखी मजा नाई राह्यली, रंगराव.”

मला जाळात घालायची आठवण करून देणाराच हे म्हणत होता. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. हळूहळू तो यायचा बंद झाला. समोर चहाचं दुकान निघालं होतं. बाकीचेही तिकडे वळले. ज्यांच्यासाठी मला जाळलं, त्यांच्यातला एकही पोळ्यापर्यंत टिकला नाही.

एके दिवशी तानुबाईने मला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि घरी न सांगता जिनाच्या फाटकाशी गेली. निवृत्तीला बाहेर बोलावलं. त्याच्या वरच्या ओठावर व्रण दिसत होता. तिने धडपं सोडलं आणि मला दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवलं.

निवृत्ती वाकला, पण त्याने हात लावला नाही. नुसतं पाहिलं. “पाणी उतरलं हिचं, वैनी.”

“तुमाले देता येते ना पुन्हा?”

“येते. इथंच भट्टी हाय.”

तानुबाईच्या चेहऱ्यावर आशा आली. माझ्याही मनात आली, खोटं कशाला सांगू? त्याच्या हाताची मला आठवण होती.

निवृत्ती सरळ उभा राहिला. मग म्हणाला, “मी पाणी देईन. तुमी घेऊन जासान. उद्या कोनी पुसंल, चक्की कोनं नीट केली? मंग रंगराव काय सांगतीन?”

तानुबाई खाली बसून धडपं गोळा करू लागली.

“माहा हात लागला म्हनून पुन्हा आगीतच टाकसान ना? मंग कायले नीट करू, वैनी?”

“माह्यं चुकलं, निवृत्तीभाऊ. मी आत होती. मले सगळं माईत होतं.”

“हाव,” तो म्हणाला. “मले दिसत होत्या तुमी.”

भोंगा झाला. निवृत्ती आत गेला. तानुबाई मला उचलून परत निघाली. बाजारातून येताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने पदर लावला नाही.

दुकान बंद पडलं. रंगराव उंद्रीला आले आणि वांगी-मिरच्या लावू लागले. मला त्यांनी टाकून दिलं नाही. चुलीमागच्या फळीवर ठेवलं. तिथे धूर बसून माझं पितळ काळं पडलं आणि पेटीला वाळवी लागली. निवृत्ती जिन सोडून नागपूरकडच्या गिरणीत गेला, असं मागाहून कानावर आलं. त्याहून अधिक मला ठाऊक नाही.

एकदा घरी पाहुणे जेवत होते. कोणीतरी विचारलं, “रंगराव, खामगावचं एवढं चांगलं दुकान काऊन बंद केलं?”

रंगराव हसले. “आपल्या लोकायले कॉफीची चवच समजत नाई.”

तानुबाई वाढता वाढता थांबली. “एकाले समजत होती,” ती म्हणाली. “त्यानं दारात उभं राहून आपली जात सांगतली होती. यायनंच त्याले आत बसवलं. अन् पाटलानं जोडा मारला तवा म्हनले, मले माईतच नाई. मी बी मुकी राह्यली.”

पंगतीत कोणी वर बघेना. थोड्या वेळाने एक पाहुणा म्हणाला, “वैनी, वरण वाढा जरासं.” आणि सगळे पुन्हा जेवू लागले.

मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल द्या, फेकू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझ्या दातांना आता कोणी पाणी देऊ नये. पण तुमच्यासमोर कधी कोणाला बाकावरून उठवलं आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असलं, तर तेवढं तिथल्या तिथे बोला. नंतर पंगतीत बोलून ते त्या माणसापर्यंत पोचत नाही. मी लोखंडाची. मला वाचा नव्हती. रंगरावांना होती.