दोन बीका

लिस्बनच्या कॅफेत बसल्याबसल्या अबीलियूने दोन बोटं वर केली आणि वेटरकडे न बघताच म्हणाला, "दोन बीका."

अर्मिंदा टेबलाखाली बूट काढून टाच चोळत होती. तिचा हात तिथेच थांबला.

पोर्तोचा माणूस त्या छोट्या कपातल्या काळ्या कॉफीला सिंबालीनू म्हणतो. लिस्बनमध्ये तिलाच बीका म्हणतात, आणि नेमकं म्हणूनच पोर्तोचा माणूस तो शब्द तोंडात घेत नाही. अर्मिंदाचा भाऊ एकदा कामासाठी लिस्बनला आला होता. त्याने सिंबालीनू मागितला, वेटर म्हणाला, काय? त्याने पुन्हा मागितला, वेटर पुन्हा म्हणाला, काय? शेवटी पठ्ठ्या कॉफी न पिताच घरी परतला, आणि मोठा पराक्रम केल्यासारखी ती गोष्ट आजही लग्नकार्यात सांगतो. आणि हा तिचा नवरा, पोर्तोच्याच नदीकाठी जन्मलेला, या शहराच्या आत कधी पाऊलही टाकलं नाही म्हणणारा, कसा घरचा शब्द असल्यासारखा बोलून गेला.

"बीका?" ती म्हणाली.

"काय?"

"तू बीका म्हणालास."

"इथे तसंच म्हणतात ना."

"तुला कुणी शिकवलं?"

अबीलियूने खिशात चष्मा शोधल्यासारखं केलं. चष्मा त्याच्या नाकावरच होता. "अगं, हे सगळ्यांना माहीत असतं."

"माझ्या भावालाही माहीत होतं. तरी तो नाही म्हणाला."

"तुझा भाऊ गाढव आहे."

"असेल. पण घरचं गाढव आहे."

कॉफी आली. ती चांगली होती, तरी अर्मिंदाने तोंड वाकडं केलं.

अबीलियूने उमेदीची सगळी वर्षं फर्निचरचा ट्रक चालवण्यात घालवली होती. सोमवारी पोर्तोहून माल भरून निघायचा, किनाऱ्याच्या कडेकडेने थेट देशाच्या खालच्या टोकापर्यंत जायचा आणि शनिवारी परत. अर्मिंदा घरी बसून कारखान्याच्या बुटांचे वरचे भाग चिकटवून शिवायची. पलीकडच्या खोलीत सासू होती, तिला उठवायला-बसवायला माणूस लागायचं. शनिवारी दार वाजलं की अर्मिंदा डिंकाने माखलेले हात तसेच घेऊन धावायची आणि विचारायची, "काय बघितलंस रे?" अबीलियू बूट दाराशी टाकायचा आणि म्हणायचा, "काही नाही गं. रस्ता आणि रस्ता."

तिला त्याची दया यायची. मांसाचा चांगला तुकडा ती त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. बिचारा, एवढा फिरतो आणि नशिबात नुसतं डांबर.

आता तो निवृत्त झाला होता, सासू देवाघरी गेली होती. एक दिवस त्याने नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाला, चल, तुला अख्खा किनारा दाखवतो, मीही कुठे धड बघितलाय! नव्या नवरीसारखी हरखून ती गाडीत बसली. वळणावळणाच्या रस्त्यावर मजेत उकडलेली अंडी सोलत होती, त्यालाही भरवत होती. अवेइरूला पाटी दिसायच्या आधीच तो बरोबर गल्लीत वळला, तेव्हा तिने लक्ष दिलं नाही. नाझारेच्या कड्यावर तो म्हणाला, या बाजूने नको, इथे वारा फार लागतो. तेव्हाही तिला वाटलं, ड्रायव्हर माणूस, कळत असेल. पण त्या बीकाने सगळे मणी एका दोऱ्यात ओवले.

बाई होती. दुसरं काय असणार!

संध्याकाळपर्यंत अर्मिंदाने त्या बाईला चढावरच्या गल्लीत एक घर देऊन टाकलं होतं. खिडकीत कुंड्या, आखूड कापलेले केस, रंगवलेली नखं. डिंकाचा वास नसलेले हात. तिने तिचं नावही ठेवलं, लिओनोर, कारण त्या नावाची एक मुलगी शाळेत तिच्या पुढच्या बाकावर बसायची आणि ती तिला कधी आवडली नव्हती. लिस्बनच्या रस्त्यांतून चालताना ती शहर बघतच नव्हती. समोरून बाई आली की नवऱ्याची नजर कुठे अडखळते का, तेवढंच बघत होती. तो मेला छपरांकडे आणि नदीकडे बघत होता. त्यामुळे तिचा आणखीच जळफळाट होत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सेतूबलला पोचले. धक्क्यावरच्या एका खानावळीपुढून अबीलियू जरा घाईनेच निघाला होता, म्हणून अर्मिंदा मुद्दाम तिथेच थांबली.

"मला इथेच जेवायचंय."

"पुढे चांगली आहे एक."

"तुला काय माहीत पुढे काय आहे?"

तो तिच्या मागून आत आला. तोच स्वयंपाकघरातून ओरडा ऐकू आला.

"अरे पोर्तो! जिवंत आहेस होय मेल्या!"

एप्रनला हात पुसत एक बाई बाहेर आली. वयाने अर्मिंदापेक्षा मोठी, दंड चांगले उखळासारखे, ओठावर बारीकशी मिशी. ही काही लिओनोर नव्हती. अर्मिंदाला क्षणभर हायसं वाटलं. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी झुल्मीरा," बाई म्हणाली आणि तिने अर्मिंदाच्या दोन्ही गालांचे दणकून मुके घेतले. "ही बायको ना? हीच ना ती, जिला गाडी लागते? कशी आलीस बाई एवढ्या लांब?"

"मला काय लागते?"

"गाडी! मी याला किती वेळा म्हटलं, आण रे तिला एकदा. तर म्हणायचा, तिला नदीवरचा पूल ओलांडेपर्यंतही सोसत नाही, ओकून ओकून जीव जातो."

अबीलियू मेनूकार्ड वाचत होता. ते त्याने उलटं धरलं होतं.

"हा इथे यायचा?" अर्मिंदाने विचारलं.

"यायचा? ती खिडकीतली खुर्ची याचीच. माल उतरवला की दुपारभर मुक्काम. नाझारेला केवढी लाट बघितली, पेनिशेला कुठला मासा खाल्ला, खाली सागरेशच्या कड्यावर सूर्य कसा बुडाला. बोलायला लागला की थांबतोय कुठला! अंगात यायचं नुसतं."

"आणि कुणाबरोबर यायचा?" हे विचारताना अर्मिंदाने टेबलाची कड धरली होती.

"एकटाच गं. आम्ही चिडवायचो, अरे एखादी तरी पटव. पण याचं आपलं सगळं लक्ष पाण्याकडे. डॉल्फिन दिसला की पोरासारखा ओरडायचा."

झुल्मीराने तळलेला माकूळ मासा आणून ठेवला, गरम, लिंबू पिळलेला. अर्मिंदाने तो सगळा खाल्ला. त्याची चव फार सुंदर होती आणि दर घासाला ती खिडकीतल्या त्या खुर्चीकडे बघत होती. लिओनोर असती तर तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या. समुद्राचं ती काय धरणार होती? एवढी वर्षं ती ज्याच्यासाठी हळहळली, तो हा देश एकटा, चवीचवीने, लिंबू पिळून खात होता.

जेवण झाल्यावर ते धक्क्यावर जाऊन बसले.

"मला गाडी लागते?" ती म्हणाली.

"अगं, ती सारखी मागे लागायची. काहीतरी सांगायला हवं होतं."

"आणि घरी?"

अबीलियू पाण्याकडे बघत म्हणाला, "तू अडकलेली. आई तशी. मी येऊन लाटा आणि कडे सांगितले असते तर तुला वाईट वाटलं असतं. तू विचारायचीस तेव्हा तुझे हात डिंकाने भरलेले असायचे, अर्मिंदा. माझं तोंडच उघडायचं नाही."

"झुल्मीरापुढे उघडायचं."

अबीलियूने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"सांगायचं होतंस रे," ती म्हणाली. "मला वाईट वाटलं असतं, मी भांडले असते. पण मी शिवता शिवता ते बघितलं तरी असतं."

त्याने तिचा हात धरला. "आता बघू ना सगळं. उद्या सकाळी फेरीबोटीने पलीकडे त्रोइयाला जाऊ. मधे कधीकधी डॉल्फिन येतात. कुठे बघायचं ते मला माहितीये. मी दाखवतो तुला."

तिने हात सोडवून घेतला नाही. पण 'मी दाखवतो' हे शब्द तिला जेवणातल्या खड्यासारखे लागले.

सकाळी लॉजवर अबीलियू घोरत असतानाच अर्मिंदा उठली. बूट हातात घेऊन ती जिना उतरली आणि धक्क्यावर पोचल्यावर पायात घातले. टपरीवर ती म्हणाली, "एक सिंबालीनू."

"काय?" टपरीवाला म्हणाला.

"सिंबालीनू. ते तुझ्यामागे यंत्र आहे ना, त्यातून येतो तो."

टपरीवाला हसला. त्याने कॉफी दिली. ती तिने उभ्या उभ्या प्यायली आणि पहिल्या बोटीत चढली.

बोट हलली, डुलली. तिला काहीही झालं नाही. ती कठड्याला धरून उभी राहिली. कुठे बघायचं ते माहीत नव्हतं म्हणून सगळीकडे बघत राहिली. धक्का मागे पडत होता, डोंगरांवर उन्हाची पहिली तिरीप आली होती. आणि मग अगदी जवळ, बोटीच्या बाजूलाच, एक करडी पाठ वर आली आणि गेली. मागोमाग आणखी एक. त्या दुसऱ्या डॉल्फिनच्या पोटाशी चिकटून एक पिल्लू होतं, त्याला अजून नीट बुडीही मारता येत नव्हती, त्याने फसकन पाणी उडवलं. थेंब अर्मिंदाच्या चेहऱ्यावर आले. ओरडावं असं तिला फार वाटलं. वळून कुणाचा तरी दंड धरून हलवावा असंही वाटलं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

पलीकडच्या वाळूत ती थोडी चालली आणि परतीच्या बोटीत बसली.

अबीलियू धक्क्यावर उभा होता. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, केस विस्कटलेले. ती फळीवरून खाली उतरायच्या आतच तो पुढे धावला.

"कुठे गेली होतीस? मी अख्खं गाव पालथं घातलं! एकटीच गेलीस?" मग त्याला तिच्या गालावरचं सुकलेलं मीठ दिसलं. त्याचा आवाज खाली आला. "आले होते का? दिसले तुला? काय बघितलंस, सांग ना."

तो मान पुढे काढून, डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होता. हा चेहरा अर्मिंदाला ओळखीचा होता. दर शनिवारी दार उघडताना तो तिच्याच खांद्यांवर असायचा.

तिने वाकून एक बूट काढला, त्यातली वाळू धक्क्यावर झटकली आणि तो पुन्हा पायात घातला.

"काही नाही रे," ती म्हणाली. "पाणी आणि पाणी."