कपाटाचा मालक

"बाबा, आता नीट बघा हं," असं म्हणून पोराने एक पट्टा ओढला आणि गाडीच्या मागच्या सीटा धपकन आडव्या झाल्या. मग त्याने मधल्या रांगेतली एक सीट पाडली. मागच्या दारापासून पार ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत सपाट जागा तयार झाली, चांगली लांबलचक. त्यावर हात थोपटून पोरगा म्हणाला, "माणूस पाय पसरून झोपेल!"

मी म्हणालो, "बंद कर ते."

"अहो, पण बघा तरी..."

"बघितलं. सीटा उभ्या कर आधी."

सूनबाईने पोराकडे बघितलं, पोराने वर आभाळाकडे. एवढ्या हौसेने नवी कोरी गाडी दारात आणली आणि घरातला म्हातारा पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करून उभा! त्यांनी तरी काय करावं?

गाडी माझ्या नावावर आहे. तो पोराचा हट्ट. "बाबा, जन्मभर दुसऱ्यांची गाडी चालवलीत, आता एक तुमच्या नावावर असू दे." सही करताना मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? तेव्हा मी गाडी बघितली नव्हती. मला वाटलं, चार दारांची, नाकीडोळी नीटस अशी काहीतरी असेल. आलं हे कपाट. पांढरंफटक, उभंच्या उभं, आणि बाजूचं दार सरकतं. पहिल्या दिवसापासून मी त्याला कपाटच म्हणतो. घरात कुणाला आवडत नाही. न आवडू दे.

आत बसावं तर नव्या प्लास्टिकचा असा वास की डोकं उठतं. पेले ठेवायला जागोजाग खळगे, आमच्या घरात तेवढे पेलेही नसतील. पट्टा लावला नाही की ओरडते, दार नीट लागलं नाही की ओरडते, मागे घ्यायला गेलं की नुसती बोंब. इतकं तर मला बायकोनेही कधी ऐकवलं नाही. पायरी उंच, छत त्याहून उंच, वारा सुटला की अंगात आल्यासारखी डुलते. सूनबाई म्हणते, "बाबा, सगळं घर एका गाडीत मावतं." अहो, मावतं! पण घर काय गाडीत भरायची वस्तू आहे?

हे सगळं मी चारचौघांत बोलतो. खरा राग वेगळाच आहे, तो त्या दारावर आहे. सर्रर्र, आणि मग खट्. डोळे मिटून ऐकलं तरी मला कळतं की पुढे काय.

मी नगरपालिकेत ड्रायव्हर होतो. शववाहिका चालवायचो. पांढरी, लांब, मागे सपाट, बाजूला सरकतं दार. नोकरीला लागलो तो त्याच गाडीवर आणि निवृत्त झालो तोही त्याच गाडीवरून.

त्या कामाचे काही नियम असतात. जुना ड्रायव्हर नव्याला तोंडी सांगतो. आतला आरसा छताकडे फिरवून ठेवायचा, मागचं रडणं बघायचं नाही. हॉर्न वाजवायचा नाही, लोक आपणहून बाजूला होतात. गाडी पळवायची नाही. आणि आपल्या घरच्या माणसाला त्या गाडीत पाऊल ठेवू द्यायचं नाही, काही झालं तरी. ही कधी डबा द्यायला गाडीतळाच्या फाटकाशी यायची. एकदा उन्हाने तिचा चेहरा लालबुंद झाला होता. म्हणाली, "रिकामीच निघालीय ना गाडी? सोडा की मला कोपऱ्यापर्यंत." मी तिच्यावर असा खेकसलो की ती पुन्हा फाटकाजवळ आलीच नाही. खेकसलो ते बरोबरच केलं. आजही तेच करीन.

घरात त्या गाडीचं नाव घ्यायचो नाही. "कामाची गाडी" म्हणायचं, एवढंच. पोराने ती आतून कधी पाहिली नाही, म्हणून त्याला मी दोष देत नाही. कपाटाला देतो.

तर मालक झालो, पण किल्लीला हात लावला नाही. पोरगा म्हणायचा, "बाबा, एक चक्कर तरी मारा." मी म्हणायचो, "मालकाने मागे बसायचं असतं." आणि मागेही बसायचो नाही. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा नव्या गाडीला घाबरला. वाटू दे.

मग ही न्हाणीघरात घसरली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं, आणि घरी सोडायचा दिवस आला. त्या दिवशी पोरगा खोलीत आला तोच हात चोळत. "आई, मागे जाड गादी घातलीय. मस्त झोपून चल."

मी ताडकन उठलो. "ती झोपून यायची नाही. बसून येईल."

"बाबा, पाय वाकवायचा नाहीये. बसणार कशी?"

"मग अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव."

"दारात स्वतःची गाडी असताना?"

"हो! असताना!"

नर्सने दारातून डोकावून "हळू बोला जरा" म्हटलं. पोरगा गोरामोरा झाला. हिने त्याला काहीतरी बिल बघून यायला सांगितलं आणि तो गेल्यावर माझ्याकडे वळली.

"आरडाओरडा कशाला करता? मला कळतंय सगळं."

"कळतंय ना? मग तू तरी नको म्हण."

"नाही म्हणत. मला तुमच्या गाडीतून जायचंय." उशीवर मान टेकून ती शांतपणे बोलत होती. "ड्रायव्हरची बायको मी, आणि एवढ्या संसारात नवऱ्याच्या गाडीत कधी बसले नाही. बसने गेले, पायी गेले, लोकांच्या गाड्यांतून गेले. आता तुमची गाडी आहे तर तुम्हीच चालवा. पोराचा हात दणक्याचा आहे, माझा पाय उखडेल."

"तुला आडवी घालून नेऊ? मी? माझ्या हाताने?"

"कधीतरी कुणीतरी नेणारच आहे ना? त्यापेक्षा आज तुम्ही न्या. आज मी बोलत बोलत येईन."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तिचा असा राग आला की काय सांगू. हे असलं बोलायची काही गरज होती का? मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली कपाट उभं होतं, मागचं दार आ वासून. पोरगा परत आला तेव्हा मी हात पुढे केला. "किल्ली दे."

वॉर्डबॉयनी तिला स्ट्रेचरवरून गादीवर सरकवलं. पांढरी चादर अंगावर ओढली. पोरगा तिचा पाय धरून शेजारी बसला. मागचं दार लागलं, मग कुणीतरी बाजूचं दार ओढलं. सर्रर्र, खट्.

त्यानंतर मी काय करत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं. हात आपापलं काम करत होते. दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. खड्डा दिसला की गाडी अशी उतरवायची की पेल्यातलं पाणी हलू नये. पुढे एक हातगाडीवाला रस्ता अडवून रमतगमत चालला होता, मी मुकाट त्याच्या मागे. गाडी चालत होती छान, हे मान्य करायला हवं. तेच तर भयंकर होतं. कपाट माझ्या हाताला सवयीचं वाटत होतं.

मोठ्या चौकात आलो. तिथला पोलीस माझ्या ओळखीचा. कित्येक वर्षं मला रस्ता मोकळा करून द्यायचा. त्याने मला बघितलं. पांढरी गाडी बघितली, तिची चाल बघितली, काचेतून मागची चादर दिसली असावी. झालं. त्याने दोन्ही हात वर करून चारी बाजूंची वाहनं थांबवली, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. सगळा चौक चिडीचूप.

"आपल्यासाठी थांबवलं का हे?" मागून हिचा आवाज आला.

पोरगा अगदी हळू म्हणाला, "बाबा..." त्याला आत्ता उमगलं होतं. पहिल्या दिवशी मी सीटा उभ्या करायला का लावल्या, तेही.

"अहो, मी विचारतेय."

"त्याला वाटलं..."

"त्याला काय वाटलं ते आलं माझ्या लक्षात. तुम्ही आधी तो आरसा खाली करा."

मी वर बघितलं. आरसा छताकडे फिरलेला होता. कधी फिरवला, देव जाणे.

"करा ना. मला तुमचं तोंड दिसत नाहीये."

आरसा खाली केला. त्यात ती होती. विस्कटलेले केस, सुकलेले ओठ, आणि डोळे सरळ माझ्यावर रोखलेले.

"हं. आता हॉर्न वाजवा."

"इथे? सगळे थांबलेत, आणि हॉर्न?"

"इथेच. चांगला सणसणीत वाजवा. कळू दे त्याला."

मागे कुणी आडवं असताना मी जन्मात हॉर्न वाजवला नव्हता. तळवा ठेवला आणि दाबला, दाबूनच धरला. कपाटाचा हॉर्न इतका भसाडा असेल असं वाटलं नव्हतं. पोलिसाच्या हातून टोपीच पडली. मागच्या काचेशी हिने हात उंच करून हलवला, पोरगा रडता रडता हसायला लागला, आणि तो बिचारा पोलीस बावचळून, टोपी उचलत, तिला हात करत राहिला.

"आता जरा वेगात घ्या," ही म्हणाली. "भूक लागलीय मला."

तिसरा गिअर टाकला. घरापर्यंत ती अखंड बोलत होती. गादी टोचते, काच खाली करा, त्या दुकानाचा रंग बदलला वाटतं, सूनबाईने खोली आवरली असेल का. मी पुढे बघत होतो आणि मधूनमधून आरशात.

गाडी मला अजून आवडत नाही. रंग तोच, वास तोच, ओरडणं तेच. घराशी पोचल्यावर मी उतरून बाजूच्या दाराशी गेलो. मुठीवर हात ठेवला. दार सरकवलं. सर्रर्र, खट्. तोच आवाज.

"बघत काय उभे राहिलात?" आतून ही म्हणाली. "हात द्या की."

मी हात दिला.