गावदरवाज्याला पाजलेलं औषध

माझ्या नातीला, दिपमालाला, जुळी झाली ते साल २०२२. त्याच हिवाळ्यात आमच्या गावदरवाज्याच्या विटांना औषध पाजायला धुळ्याहून जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या संघमित्राबाई आल्या.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. दरवाजा खाली काळ्या दगडाचा, वर कमानीसकट विटांचा. वीट नुसती चाचपली तरी लाल भुगा हाती येई. शाळेची पोरं त्याच्याखालून जातात, म्हणून ग्रामसभेत ठरलं होतं, औषध लागू पडलं तर ठीक, नाहीतर कमान उतरवायची. त्या कमानीतल्या काही विटा आमच्या वडिलांनी बसवलेल्या. माझे थोरले भाऊ पुना, तेही जन्मभर गवंडी. सभा झाल्यापासून त्यांना जेवण गोड लागेना.

बाईंनी आधी चाचणीसाठी विटांचा एक उभा पट्टा निवडला. औषध पाण्यासारखं पातळ, वास उग्र. ब्रश फिरला की वीट ते पिऊन टाकी.

"गेलं कुठं ते?" मी विचारलं.

"आत. तिथं हळूहळू घट्ट होईल आणि भुग्याला धरून ठेवील."

भाऊंनी विटेला कान लावला. "आवाज ते काहीच येत नही."

"आबा, महिनाभर असंच राहू द्या," त्या हसून म्हणाल्या, "मग बघू."

महिन्याने त्या आल्या, तर पट्ट्याच्या खालच्या भागावर पांढरी पापडी धरलेली.

"इथं पाणी कोणी मारलं?"

"मी," भाऊ ऐटीत म्हणाले. "रोज दोन्ही टाइम. नवं काम शे. पानी मारं नही ते पक्कं कसं व्हई?"

बाई ओट्यावर मटकन बसल्या. "सिमेंटला पाणी लागतं, आबा. हे कोरडं ठेवायचं असतं. पाण्यामुळे औषध आत न धरता वरच धरलं. मीच सांगायला हवं होतं."

भाऊंचा चेहरा उतरला. "म्हंजे दरवाजा मीच पाडला."

मी पट्ट्याकडे पाहत होतो. पापडी वरपर्यंत नव्हती. "भाऊ, तुमचं पाणी कुठवर पोचायचं?"

"हात पुरे तथलोक."

बाई लगेच शिडीवर चढल्या. त्यांनी वरच्या विटेला चिकटपट्टी लावून ओढली. पट्टी स्वच्छ. शेजारच्या, औषध न लावलेल्या विटेला लावली, ती भुग्याने लाल झाली. सरपंच रुपचंदला पटेना. तो स्वतः शिडीवर चढला, तीन ठिकाणी पट्टी लावून पाहिली आणि वरूनच ओरडला, "कमान ठेवा! बरं झालं, पुनानाना बुटका शे!"

भाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसले.

पुढच्या हिवाळ्यात पापडी काढून सगळ्या कमानीला औषध दिलं. महिनाभर भाऊ खाली खाट टाकून बसले. कोणी हंडा घेऊन जवळून गेलं तरी खेकसायचे, "दूरथीन जाय!"

पुनाभाऊ २०२४ च्या एप्रिलमध्ये, कमान पक्की झालेली पाहून, वारले.