खरात न्यायाधीशांची झोप

"सिनेटच्या निदर्शनास आणून देतो," वकील उभे राहून म्हणाले, "की डावीकडचे पहिले न्यायाधीश झोपलेले आहेत."

डावीकडचे पहिले न्यायाधीश म्हणजे आमचे रामदासकाका, रोहिणीआत्याचे यजमान. दोन्ही हात पोटावर, मान जराशी कलती, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर अशी शांती, की डॉक्टर सांगत होते त्या पाठीच्या मणक्यांबद्दल ह्या माणसाला आता आयुष्यात काहीच जाणून घ्यायचं उरलेलं नाही असं वाटावं.

काकांनी डोळे उघडले. "नाइन," ते जर्मनमध्ये नाही म्हणाले. "मी ऐकत होतो."

"झोपलेला प्रत्येक माणूस असंच म्हणतो," वकील म्हणाले. ह्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमच्या घरातही असंच मानतात.

प्रेक्षकांच्या बाकांवर आम्ही दोघंच होतो. मी, म्हणजे रोहिणीआत्याचा भाचा अनुप, डार्मश्टाटला मेकॅनिकलचं मास्टर्स करण्याच्या निमित्ताने आत्याच्या घरी जेवणारा. आणि माझी आजी कमलाबाई, म्हणजे काकांची सासू, औरंगाबादहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली. मोरपंखी साडी, वर आत्याचं जॅकेट, मांडीवर पर्स. आत्याला रजा मिळाली नव्हती.

"काय म्हणतोय तो टायवाला?" आजीने विचारलं.

"काका झोपलेत म्हणतोय."

वांग्यांमध्ये हळूच एक किडकं सरकवणाऱ्या भाजीवाल्याकडे बघावं तसं आजीने वकिलाकडे बघितलं.

काकांसारखा कंपनीत पंपांची देखभाल करणारा माणूस जर्मनीत न्यायाधीश कसा होतो, हे मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. पेन्शन, आजारपण, अपघात-विमा असल्या भांडणांचं हे अपिलाचं वरचं कोर्ट. एका टेबलामागे पाच जण बसतात, त्याला सिनेट म्हणतात. मधले तीन कायदा शिकलेले, काळ्या झग्यातले. दोन्ही टोकांचे दोघं साधी माणसं: एक नोकरदारांच्या बाजूचा, एक मालकांच्या बाजूचा. पण मत पाचही जणांचं सारख्याच वजनाचं. काकांनी पासपोर्ट बदलल्यावर कामगार संघटनेने त्यांचं नाव दिलं, खालच्या कोर्टात त्यांनी एक मुदत काढली आणि मग ते इथे आले. कुठलं भांडण कुठल्या सिनेटकडे जाणार, हे वर्ष सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. टोकाच्या खुर्च्यांवर त्या दिवशी कोण बसणार, तेही यादीच्या क्रमाने. उद्देश असा, की कुणाला आपल्या सोयीचा न्यायाधीश निवडता येऊ नये. भांडण होण्याआधीच ते सोडवणारी माणसं नेमून ठेवणारा दुसरा देश माझ्या माहितीत नाही.

आजीने औरंगाबादेत सगळ्यांना सांगितलं होतं, की जावई जर्मनीच्या हायकोर्टात जज्ज आहेत. "आई, वर्षातून काही दिवसच," आत्या समजवायची, "बाकी रोज कंपनीत पंपच." त्यावर आजी म्हणाली, "पंप त्यांचा साइड बिझनेस आहे."

त्या दिवशी काका साध्याच कपड्यांत कोर्टाच्या आतल्या खोलीकडे गेले तेव्हा मात्र तिची निराशा झाली.

"ह्यांना काळा झगा का नाही?"

"लोकांमधून आलेल्यांना नसतो, आजी."

"मापाचा नसेल."

मग बाजूचं दार उघडलं, पाच न्यायाधीश आत आले, आणि सगळी खोली उभी राहिली. वकील, डॉक्टर, तक्रारदार. आजी उशिरा उठली, कारण ती बघत होती. आम्ही परत बसलो तरी ती उभीच. मी तिचा पदर ओढला.

"जावईबापूंचे वडील," ती हळूच म्हणाली, "तलाठ्याकडे गेले की पायरीच्या खाली उभे राहायचे. वर ये म्हणायचं नाही कुणी."

ह्या देशात काका कंपनीत शिरले की कुणी उठत नाही, बेकरीत शिरले की कुणी उठत नाही, ट्राममध्ये तर नाहीच नाही. काका शिरल्यावर माणसं उभी राहतात अशी ही एकच खोली होती. आणि आता तिथेच एक टायवाला म्हणत होता, की हे झोपलेत.

प्रकरण साधं नव्हतं. झोपलेल्या न्यायाधीशाला कायदा हजर धरत नाही. पाचातले चार उरले की कोर्टच अपुरं, आणि अपुऱ्या कोर्टाचं सगळं रद्द. हेर (म्हणजे श्रीयुत) डिट्स नावाचे गवंडी समोर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. पाठीमुळे त्यांना फार वेळ बसवत नव्हतं. सिमेंटची पोती आणि दगड उचलून त्यांचे मणके गेले होते. खालच्या कोर्टात ते जिंकले होते, विमा संस्थेने अपील केलं होतं, आणि टायवाला तिचा वकील होता. डॉक्टरांची साक्ष त्याच्या विरोधात चालली होती. आत्ता हे थांबलं तर नवी तारीख, नवी साक्ष, आणि हेर डिट्सची पाठ पुन्हा रांगेत.

खरं म्हणजे त्या टेबलामागे झोपायचा पहिला हक्क मालकांच्या बाजूच्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, बेंडरचा होता. त्यांची बेकरी होती, कोंबड्याच्याही आधी उठायच्या. त्या टक्क जाग्या होत्या.

"हेर खरात," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या मधल्या खुर्चीत होत्या. पांढरे केस, गळ्यात साखळीला चष्मा. "आपण डोळे मिटले होते?"

"या," काका म्हणाले, म्हणजे हो.

"का?"

काका विचारात पडले. त्यांची जर्मन मला आवडते. वाक्य ते नटबोल्टसारखं आवळत आवळत नेतात.

"मी पंप बघतो," ते म्हणाले. "बेअरिंग खराब होत असेल तर आधी आवाज येतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. डोळे उघडे असले की माणूस गेज बघत बसतो. डॉक्टरसाहेब महत्त्वाचं बोलत होते. म्हणून मिटले."

डॉक्टरांना ते आवडलं. आपलं म्हणणं महत्त्वाचं आहे असं त्यांना बहुधा कित्येक वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"ही सवय असू शकते," वकील म्हणाले, "आणि झोपही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पुरावा काय?"

पुरावा नव्हता. काका ऐकतात कसे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. विहारात प्रवचनालाही ते असेच बसायचे. त्यांना चक्कर आली समजून भंतेजींनी एकदा प्रवचन थांबवून पाणी विचारलं होतं. पण भंतेजी औरंगाबादला होते.

मी आजीला सगळं भराभर सांगितलं. ती ऐकत होती आणि पर्सची चेन उघडझाप करत होती. त्या पर्समध्ये पासपोर्ट, ओवा आणि कापूस असायचा. कापसाचं कारण सांगायला हवं. आजी हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची. काका आतल्या खोलीत, दार लावून. तरीही रात्री शोकेसमधल्या काचा हळूच बोलायला लागायच्या. आजी कानात कापूस घालायची. सकाळी काका खाली मान घालून विचारायचे, "झोप लागली ना, आई?" आणि आजी म्हणायची, "छान लागली." जावयाच्या घोरण्यावर सासूने बोलायचं नसतं. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि काका रोज विचारत होते.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "सिनेट आत जाऊन ह्यावर—"

आजी उभी राहिली.

"बाई," ती मराठीत म्हणाली. आवाज विहाराच्या माइकवर लावायची तसा. "आमचे जावईबापू झोपले असते ना, तर तुम्हाला कोणी सांगायची गरजच पडली नसती."

काकांनी पुन्हा डोळे मिटले. ह्या वेळी ऐकण्यासाठी नाही.

"प्रेक्षकांनी शांत राहावं," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवला. "काय म्हणाल्या त्या?"

मी उठून भाषांतर केलं. त्यात चूक करायला जागा नव्हती.

"म्हणजे काय?"

"काय ते सांग तिला," आजी म्हणाली, "घोरतात. दार लावलं तरी. मी कापूस घालते." आणि तिने पर्समधून कापूस काढून दाखवला.

मी सांगितलं. जर्मनमध्ये घोरण्याला श्नारखेन म्हणतात. तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्यात वापरला, तोही अपिलाच्या कोर्टात.

फ्राउ बेंडर खाली बघायला लागल्या. झग्यातल्या एका न्यायाधीशाने पाणी पिऊन घेतलं. हेर डिट्स म्हणाले, "माझी बायकोही हेच सांगते. माझ्याबद्दल."

"ही साक्ष नाही," वकील म्हणाले. "बाई नातेवाईक आहेत. आणि माणूस पडून घोरतो. बसल्यावरही घोरतात का?"

मी आजीला विचारलं. ती क्षणभरच थांबली.

"बसून तर जास्तच," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी हातातलं डिक्टाफोनचं यंत्र तोंडाजवळ धरलं. इथे न्यायाधीश स्वतःच कामकाज त्यात बोलून ठेवतात आणि नंतर ते टाइप होतं. त्या सावकाश, स्वल्पविरामांसकट बोलल्या: "प्रेक्षकांच्या बाकावरून, स्वल्पविराम, साक्ष म्हणून नव्हे तर केवळ माहिती म्हणून, स्वल्पविराम, असं कळवण्यात आलं, की मानद न्यायाधीश खरात हे झोपेत मोठ्याने घोरतात. पूर्णविराम. सुनावणीदरम्यान घोरण्याचा आवाज कुणीही ऐकलेला नाही. पूर्णविराम." मग यंत्र खाली घेऊन म्हणाल्या, "हेर वकील, आपण ऐकलात?"

वकील डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. फ्राउ बेंडरनीही हलवली. मी कशाला मागे राहू, मीही हलवली.

"नाही," वकील शेवटी म्हणाले.

"हरकत कायम ठेवता?"

ते बराच वेळ टायशी खेळत बसले. समोर हेर डिट्स एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होते.

"मागे घेतो."

अध्यक्षबाईंनी तेही यंत्रात सांगितलं. जर्मन राज्याच्या कागदपत्रांत काकांचं घोरणं आता कायमचं आहे, आणि ते त्यांच्या बाजूने आहे.

साक्ष पुढे चालली. काकांनी शेवटपर्यंत डोळे इतके सताड उघडे ठेवले, की डॉक्टर बोलता बोलता दोनदा अडखळले. मग पाचही जण आत गेले, आणि परत आले तेव्हा सगळे पुन्हा उभे राहिले. टायवालाही. ह्या वेळी आजी सगळ्यांत आधी उठली होती.

अपील फेटाळलं. ऐकून झाल्यावर हेर डिट्स खुर्चीत बसले, आणि बसले ते बराच वेळ बसूनच राहिले.

बाहेर ऑगस्टचं ऊन होतं. फुटबॉलचा विश्वचषक संपून गेला होता, पण गाड्यांच्या खिडक्यांवरचे छोटे झेंडे अजून कुणी काढले नव्हते. ग्रीसहाइमला घरी जाणाऱ्या ट्राममध्ये आजी बसेपर्यंत काका दांड्याला धरून उभे राहिले, मग आमच्या समोर बसले.

"आई," काका म्हणाले, "त्रास होत होता तर सांगायचं ना."

"कसला त्रास. कापूस आहे की." आजी खिडकीबाहेर बघत होती. मग वळून म्हणाली, "तुम्ही काय मत दिलंत हो आत?"

"ते सांगता येत नाही, आई. आतलं आतच ठेवायची शपथ असते."

"मलासुद्धा?"

"रोहिणीलासुद्धा नाही."

आजीने मान डोलावली. झगा नसल्याचं दुःख तिथे संपलं असावं.

ट्राम डुलत होती. काकांचे हात पोटावर आले. मान जराशी कलली. डोळे मिटले.

आजी माझ्या कानाशी आली. "अनुप, एक बोलू का? मी ह्यांना बसून झोपलेलं कधी पाहिलंच नाहीये."

"म्हणजे तू कोर्टात—"

"तो विचारत होता, मी सांगितलं. माझ्यासमोर ते टेकूनसुद्धा बसत नाहीत, झोपतील कुठले. मला काय माहीत, बसून घोरतात का."

"आणि घोरत नसतील तर?"

आम्ही दोघं काकांकडे बघत राहिलो. तोंड बंद. श्वास संथ. चेहऱ्यावर तीच शांती, मणक्यांच्या वेळची. ते झोपले होते की ट्रामची चाकं ऐकत होते, बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं. टायवाल्याचं म्हणणं बरोबर होतं. मला हेर डिट्सची पाठ आठवली, पाच खुर्च्या आठवल्या, अध्यक्षबाईंचे स्वल्पविराम आठवले. पुढचा स्टॉप आला आणि गेला. आजीचा हात पर्सवर घट्ट होता.

"काका," मी हळूच हाक मारली.

काही नाही.

मग कुठूनतरी खोल, पंपात हवा अडकावी तसा एक आवाज आला. थांबला. पुन्हा आला, ह्या वेळी पूर्ण. काचा बोलायला लागल्या. समोरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं. मागच्या सीटवरचं लहान मूल रडायचं थांबलं.

आजीने श्वास सोडला. तिची बोटं सवयीने पर्समध्ये गेली होती, कापूस अर्धा बाहेर आला होता. तिने तो परत आत ठेवला आणि चेन लावली.

"आजी, आपला स्टॉप आला. उठवू?"

"जाऊ दे पुढे," ती म्हणाली. "टेकून बसले आहेत ना."

आणि वर्तमानपत्रवाला अजून बघत होता म्हणून तिने त्याच्याकडे बघितलं, तो पुन्हा पेपर वर करेपर्यंत.