वाट दिसावी, एवढंच मागा

“कोपर आत घे. मनगट सैल सोड. आणि चेंडू सुटला म्हणून हात लगेच खाली पाडू नकोस, तो पोचेपर्यंत वर राहू दे.”

मित्रांनो, हा आवाज ओडेसाबाईंचा. मी तो हजारो वेळा ऐकला आहे.

मी एक जुनी जाळी आहे. केंटकीतल्या एका लहानशा गावात, चर्चच्या तळघरात बास्केटबॉलची रिंग आहे, तिला मी सोळा वर्षं लटकते आहे. नवी होते तेव्हा दुधासारखी पांढरी होते, आता ताकासारखी दिसते. रिंगच्या बारा आकड्यांपैकी दोन तुटले आहेत, म्हणून एका अंगाला जरा ओघळते.

एका कारखान्यात यंत्राने दोरीला गाठी मारून मला घडवलं. सुरुवातीला मला वाटायचं, माझा तळ शिवायलाच विसरले. टोपलीला तळ असतो, पिशवीला असतो, मग मलाच का नाही? पहिला चेंडू माझ्यातून गेला तेव्हा उलगडा झाला. चेंडू अडवणं माझं कामच नव्हतं. त्याला क्षणभर धरायचं, त्याची घाई थोडी कमी करायची आणि सरळ खाली सोडून द्यायचं. तो जातो, मी मात्र हलत राहते. स्वस्थ लटकणं मला कधी जमलंच नाही.

ओडेसाबाई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करत. कामावर जाण्याआधी सकाळी सहाला त्या तळघरात येत, टॉवेलची घडी गुडघ्याखाली घेऊन प्रार्थना करत, आणि मग मुलाला, थेरनला, चेंडू टाकायला शिकवत. बुधवारी त्यांचा उपास असे, सूर्य मावळेपर्यंत फक्त काळी कॉफी. तरीही बुधवारची शिकवणी कधी चुकली नाही. पाच वर्षांच्या थेरनचा चेंडू माझ्यापर्यंत पोचतही नसे. सोळाव्या वर्षी तो उडी मारून मला लोंबकळला. ते दोन आकडे तेव्हाच गेले.

पुढे तो कॉलेजात गेला आणि दुसऱ्याच वर्षी टीव्हीवर दिसू लागला. वर्तमानपत्रवाले माझा फोटो काढून गेले. “हीच ती जाळी!” तीन दिवस मी उगाचच झुलत होते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात थेरन घरी आला. व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी त्याने नाव दिलं होतं. पण कॉलेजची दोन वर्षं बाकी होती. नाव मागे घ्यायला बुधवारपर्यंत मुदत होती. एकदा निवड झाली की कॉलेजच्या संघात परत खेळता येत नाही. तो दिवसभर चेंडू टाकी आणि निम्मे बाहेर जात.

सोमवारी सकाळी ओडेसाबाईंनी चर्चमधल्या सिस्टर व्हर्नेलना फोन केला. “माझ्या लेकाला वाट दिसावी, एवढंच मागा.” आमच्या चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात, आणि त्यांची प्रार्थनेची साखळी आहे. एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, अशा अकरा बायका. कुणी काही लिहून घेत नाही. तिसऱ्या फोनला ‘वाट’ची ‘जायची वाट’ झाली. सातव्या फोनला तो निघाला. अकराव्या बाईने त्याच्या टेक्सासमधल्या घरासाठीही प्रार्थना केली!

दुपारी तिघीजणी केळ्याचं पुडिंग घेऊन तळघरात उतरल्या.

“जातोस ते जा, पण लोकरीचे कपडे ने हो,” सिस्टर व्हर्नेल म्हणाल्या.

“टेक्सासात कसली आलीय थंडी, व्हर्नेल?” दुसरी म्हणाली.

“मी कुठे चाललोय?” थेरनने विचारलं.

“आमच्यापासून काय लपवतोस बाळा? सकाळपासून गुडघे दुखेपर्यंत तुझीच प्रार्थना चाललीय.”

“अहो सिस्टर, अजून मलाच ठाऊक नाही!”

“मग हे पुडिंग परत नेऊ की काय?”

मंगळवारी सकाळी कॉलेजचे कोच व्हिटलो आले. टोपी हातात होती. ओडेसाबाई तिथेच होत्या.

“तू चाललास हे मला न्हाव्याकडे कळलं, थेरन,” ते म्हणाले. “अर्धी दाढी झालेली असताना.”

“कोच, मी तुम्हाला सांगणारच होतो...”

“असू दे. गाडीत भाषण पाठ करत आलो होतो. शिक्षण पुरं कर, पुढच्या वर्षी आपण जिंकू, वगैरे. पण खरं सांगू? तू राहिलास तर माझी नोकरी राहते. तेव्हा माझा सल्ला घेऊ नकोस.” आणि ते खरंच निघून गेले.

“राहणार आहे तो,” त्यांच्या पाठीकडे बघत ओडेसाबाई म्हणाल्या. “चौथ्या वर्षी शेवटच्या सामन्याआधी मुलं आईचा हात धरून मैदानात चालतात. मी निळा ड्रेस घेऊन ठेवलाय.”

“आणि तोवर गुडघा गेला तर?”

“देव बघेल.”

“देवाने दार उघडलंय, मॉमा. तूच ते लावून घेतेस आणि वर प्रार्थना करतेस.”

“दोन वर्षांनी कॉलेज सोडलं की काय होतं, ते मला विचार!” त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा चढलेला ऐकला. “तुझ्या वेळी दिवस गेले म्हणून सोडलं. परत जाईन म्हणाले होते. वीस वर्षं झाली.”

“तुझं राहिलं ते माझ्या डोक्यावर का?”

थेरन बोलून गेला. ओडेसाबाई टॉवेलची घडी उचलून कामावर गेल्या. वारा नव्हता, चेंडू नव्हता, तरी मी हलत होते.

बुधवारी त्या कॉफीचा कप घेऊन आल्या. थेरन आधीच येऊन बाकावर बसला होता.

“काल लागलं मला,” त्या म्हणाल्या. “खरं होतं म्हणून लागलं.”

“मी चुकलो, मॉमा.”

“आवाज चुकला तुझा. बोलणं नाही. मी सारखी देवाला विचारत होते, तू राहशील ना म्हणून. तुला काय हवंय, ते विचारलंच नाही. सांग.”

“जायचंय मला. भीती वाटते, पण जायचंय.”

“मग जा. फक्त दर उन्हाळ्यात एकेक विषय करून शिक्षण पुरं करशील, असं वचन दे.”

“देतो. पण तूही दे.”

“मी? या वयात? पोरं आजी म्हणतील मला!”

“म्हणू देत. आजींना पेपर सोपा नसतो म्हणे.”

त्या हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी हात पुढे केला. दोघांनी, अनोळखी माणसं करतात तसं, नीट हस्तांदोलन केलं.

जूनमध्ये थेरनची निवड झाली, पण अंदाज होता त्यापेक्षा बऱ्याच खालच्या क्रमांकावर. सिस्टर व्हर्नेल म्हणतात, पोराने घाई केली. न्हावी म्हणतो, बरं केलं. मित्रांनो, मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

माझ्याखाली आता घडीच्या खुर्च्या रचल्या आहेत. गाठींत धूळ बसली आहे. कुणी म्हणतं, काढून टाका ही जाळी. माझं मागणं एवढंच आहे, की जुन्या वस्तूला अधूनमधून हात लावत जा, तिची धूळ झटका. आणि आपल्या माणसाला क्षणभर नीट धरून मग सोडायला शिका. आपल्या राहून गेलेल्या गाठी त्याच्या गळ्यात बांधू नका.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी ओडेसाबाई आल्या त्या धुलाईखान्याच्या गणवेशात नव्हत्या. प्रार्थना नेहमीपेक्षा लवकर आटोपली. खांद्यावरच्या पिशवीत कोरी वही होती. पेन्सिलीला टोक आहे ना, हे त्यांनी बोटाने दोनदा पाहिलं. कुणालाही, साखळीतल्या एकाही बाईला, काही न सांगता त्या जिना चढून पावणेसातच्या बसकडे निघाल्या.